निळ्या नळीत नियॉन नसतो

देवीदास सोमकुवराचा एक राग फार जुना होता. लोक निळ्या दिव्याला नियॉन म्हणत, हिरव्याला नियॉन म्हणत, दारूच्या दुकानावरच्या गुलाबी बाटलीलाही नियॉनच म्हणत. नागपुरात एका पाट्यांच्या कारखान्यात त्यानं बावीस वर्षं काचेच्या नळ्या वळवल्या होत्या. ओठात रबरी फुंकनळी, हातात तापलेली काच, समोर उलटं काढलेलं अक्षर, यातच त्याची जवानी गेली. गिऱ्हाईक यायचं आणि निळी नियॉन मागायचं. देवीदास सांगायचा, "भाऊ, नियॉन लालच जळते. निळ्यात आरगॉन असते, अन् पाऱ्याचा एक थेंब." गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि म्हणायचं, "हाव, तेच. निळी नियॉन."

पुढं एलईडी आली. जी पाटी वळवायला देवीदासला दोन दिवस लागायचे, ती चिनी पट्टी चिकटवून दोन तासांत तयार होऊ लागली. कारखान्यातल्या भट्ट्या एकेक करून विझल्या. मालकानं जाताना त्याला त्याचा बर्नर, हवेचा ब्लोअर, एक जुना ट्रान्सफॉर्मर आणि उरलेल्या नळ्यांचा भारा देऊन टाकला. ते सगळं घेऊन तो मध्य प्रदेशातल्या आपल्या मोहगावला परत आला. हंगामात सौंसरच्या गोदामात संत्री निवडायची, बारकी एकीकडं, मोठी एकीकडं. बाकीचे महिने शिडीवर चढून दुकानांना एलईडीच्या पाट्या ठोकायच्या. ज्या वस्तूनं हातचं काम हिरावलं तीच वस्तू आता तो लोकांच्या दुकानांवर चढवत होता, आणि हे त्याची बायको पुष्पा त्याला महिन्यातून एकदा तरी ऐकवायची.

त्यांची एकुलती एक पोरगी दीपाली सौंसरला अकरावीत विज्ञान शिकत होती. एका संध्याकाळी ती शाळेचं हिंदी पुस्तक घेऊन बापाजवळ आली.

"बाबा, तुमी नळ्याईत जे गॅस भरत होते, ते हेच काय?"

देवीदासनं पाहिलं. हीलियम, निऑन, आर्गन, क्रिप्टॉन. एका रांगेत, एकाखाली एक. त्याला गंमत वाटली. रस्त्यावरचा जुना दोस्त एकदम कलेक्टर कचेरीत खुर्चीवर बसलेला दिसावा, तसं झालं.

"हे इथं कसे?"

"हे उत्कृष्ट गैस होत. मराठीत राजवायू म्हणतात."

"राज कायचे?"

"कोणासंग मिसळत नाईत म्हणून."

देवीदासचं तोंड कडू झालं. "वा! जो कोणात मिसळत नाई तो राजा. गावात बी तेच, पुस्तकात बी तेच."

"तसं नाई, बाबा." दीपाली हसली. "ते कोणाले हलकं समजत नाईत. त्याईचं इलेक्ट्रॉनचं बाहेरचं घर भरलेलं असते, म्हणून त्याईले कोणाची गरज नाई पडत. अन् झेनॉन तर मिसळते. फ्लोरीनसंग."

"मंग नाव बदला म्हणा," देवीदास म्हणाला. पण पुस्तक त्यानं खाली ठेवलं नाही.

मग दीपालीनं त्याला जे सांगितलं, ते तो बावीस वर्षं हातानं करत आला होता आणि कोणी त्याला कधी सांगितलं नव्हतं. अणूत इलेक्ट्रॉन असतात. ते ठरलेल्या पायऱ्यांवरच राहतात. दोन पायऱ्यांच्या मधात उभं राहायची सोय नाही. नळीतून वीज सोडली की तिचा धक्का बसून इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर उडतो. तिथं तो टिकत नाही, खाली पडतो, आणि पडताना जेवढी उंची उतरला तेवढ्या ऊर्जेचा उजेड बाहेर टाकतो. उंच पडला तर निळा-जांभळा, कमी पडला तर लाल. प्रत्येक वायूच्या पायऱ्यांची उंची वेगळी, म्हणून प्रत्येकाचा रंग वेगळा.

"म्हणून नियॉन लालच जळते," देवीदास हळूच म्हणाला.

"हाव. कितीबी वीज द्या, त्याच्या पायऱ्या त्याच राहतात."

"अन् मंग पारा? नुसत्या आरगॉनची नळी फिक्कट जांभळी जळते, मेल्यावाणी. पाऱ्याचा थेंब टाकला का फकाफक निळी. ते काहून?"

याचं उत्तर दीपालीला येत नव्हतं. तिनं ते शाळेत अश्विनी मॅडमना विचारलं. अश्विनी मॅडम रसायनशास्त्राच्या अतिथी शिक्षिका होत्या. म्हणजे दर वर्षी नव्यानं नेमणूक व्हायची, कधी व्हायचीही नाही. त्यांनी दोन दिवस मागून घेतले, जुनी पुस्तकं काढली, आणि तिसऱ्या दिवशी दीपाली धावतच घरी आली.

"बाबा, पाऱ्याच्या इलेक्ट्रॉनले वर उडवाले आरगॉनपेक्षा कमी ऊर्जा लागते. पयले वीज आरगॉनमधून वाहते. नळी गरम झाली का पाऱ्याची वाफ होते, अन् मंग पाराच जळते. निळा उजेड पाऱ्याचा हाये. आरगॉनचा नाईच."

देवीदासनं कपाळावर हात मारला. मग मोठ्यानं हसला. "म्हणजे बावीस वर्षं गिऱ्हाइकाले मी बी अर्धं चूकच सांगून राहिलो होतो!"

त्यातूनच विज्ञान प्रदर्शनाचा विचार निघाला. देवीदासनं अंगणात बर्नर लावला आणि कित्येक वर्षांनी पुन्हा काच वळवली. तीन नळ्या, तिन्ही सारख्या, नागमोडी. पुष्पा स्वयंपाक सोडून दारात उभी राहून पाहत होती. लग्न होऊन वीस वर्षं झाली, पण नवऱ्याचं खरं काम तिनं आज पहिल्यांदा पाहिलं. रविवारी तो त्या नळ्या घेऊन नागपूरला गेला. जुन्या कारखान्याच्या मागच्या खोलीत हवा काढायचा पंप अजून धूळ खात पडला होता. मालकाच्या हातापाया पडून त्यानं तो चालू केला, एका नळीत नियॉन भरला, दुसरीत नुसता आरगॉन, तिसरीत आरगॉन आणि पाऱ्याचा थेंब, आणि तिन्हींची तोंडं वितळवून बंद केली.

बाकीचं दीपालीनं केलं. विजेचा झटका कोणाला लागू नये म्हणून जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याची पेटी बनवली. बुटाच्या खोक्याला बारीक फट पाडली, आत जुन्या डीव्हीडीचा तुकडा लावला. त्या फटीतून दिव्याकडं पाहिलं की उजेड फुटून त्यातल्या रंगांच्या रेषा वेगवेगळ्या दिसत. नियॉनच्या नळीत लाल-केशरी रेषांची दाटी. निळ्या नळीत जांभळी, निळी, ठसठशीत हिरवी आणि पिवळी. नुसत्या आरगॉनच्या नळीत ती हिरवी रेषा नव्हतीच. सौंसरच्या तहसील प्रदर्शनात तिचा पहिला नंबर आला आणि पांढुर्ण्याच्या जिल्हा प्रदर्शनासाठी तिची निवड झाली.

दोन दिवसांचं प्रदर्शन होतं. पहिल्या दिवशी सकाळच्या गाडीनं बापलेक निघाले. नळ्या संत्र्याच्या लाकडी पेटीत वाळल्या गवतात निजवलेल्या, ट्रान्सफॉर्मर देवीदासच्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला तो ड्रायव्हरला शिवी द्यायचा आणि पेटीवर हात ठेवायचा. अश्विनी मॅडम फाटकातच उभ्या होत्या. शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये चाळीस टेबलं मांडली होती. देवीदासनं तारा जोडून दिल्या, नळ्या पेटवून पाहिल्या, आणि पालकांना आत थांबता येत नाही म्हणून बाहेर येऊन टेबलाजवळच्याच खिडकीशी उभा राहिला.

अकरा वाजता परीक्षक आले. पुढं यशवंतराव, निवृत्त प्राचार्य, पांढुर्ण्यात ज्यांना सगळे नमस्कार करतात असे. मागं अनिल नावाचे एक तरुण शिक्षक, हातात गुणपत्रकं. दीपालीनं तिन्ही नळ्या पेटवल्या आणि बोलायला लागली. पायऱ्यांचं सांगितलं. खोका पुढं केला. यशवंतरावांनी तो हातात घेतला नाही.

"नळ्या कुठून आणल्या?"

"माह्या बाबांनी वळवल्या, सर. गॅस बी त्याईनंच भरला. पेटी अन् खोका मी बनवला."

"बाबा काय करतात?"

"आता संत्र्याच्या गोदामात हायेत. आंधी नागपूरले—"

"संत्री निवडतात." यशवंतरावांनी अनिल सरांकडं पाहून भुवई उडवली. "नाव काय तुझं पूर्ण? सोमकुवर? मोहगाव. अच्छा, अच्छा." त्या 'अच्छा'त काय होतं ते खिडकीतल्या देवीदासला बरोबर कळलं. आडनाव कळल्यावरचा असा 'अच्छा' त्यानं जन्मभर ऐकला होता. "पोरी, हे काम कारखान्याचं असते. संत्री निवडणारा माणूस निर्वात नळी बनवते काय? बरं, ही निळी कोणती?"

"आरगॉन अन् पारा, सर. पण निळा उजेड पाऱ्याचा हाये, आरगॉनचा नाई."

"चूक. आर्गनचा रंग निळाच असतो. गाईडमध्ये बी दिलं आहे."

"सर, एकदा खोक्यातून पाहून घ्या ना. हिरवी रेषा—"

"मले शिकवून राहिली काय?"

त्यांनी अनिल सरांच्या हातून कागद घेतला, दोन ओळी लिहिल्या आणि पुढच्या टेबलाकडं गेले. सगळं चार मिनिटांत आटोपलं. दीपाली हातात खोका धरून तशीच उभी राहिली.

दुपारी अश्विनी मॅडमनी तो कागद पाहिला. त्यावर लिहिलं होतं : 'बाज़ार से ख़रीदा हुआ तैयार मॉडल। तथ्य अशुद्ध। अपात्र।' मॅडमनी ते देवीदासला वाचून दाखवलं. देवीदासची कानशिलं तापली. त्याला वाटलं आत जावं आणि त्या माणसाची कॉलर धरावी. पण आत त्याची पोरगी उभी होती, तिचं अकरावीचं वर्ष होतं, मॅडमची नोकरी कच्ची होती. त्यानं नळ्या गवतात ठेवल्या, आणि पेटी मॅडमच्या ओळखीच्या एका घरी ठेवून बापलेक गाडीत बसले. 

घरी पुष्पानं सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"अन् तुमी खिडकीत उभे होते?"

"हो."

"तुमच्या पोरीले चोर म्हटलं, तुमाले खोटारडा म्हटलं, अन् तुमी आयकून आले?"

"काय करत होतो मंग? मोठा माणूस हाये तो. वाद वाढवला असता तर पोरीचं नाव खराब झालं असतं."

"नाव आता कोणतं चांगलं राहिलं?" पुष्पाचा आवाज चढला. "बावीस वर्षं त्या आगीसमोर बसले. ओठ पोळले, बोटं पोळली. अंगणात तुमी काच वळवत होते तवा मी पायत होती. मले कागद-बिगद नाई समजत, पण मी डोळ्यानं पायलं हाये. त्याईनं पायलं काय? नाई ना? मंग दाखवा त्याईले!"

देवीदास बायकोकडं पाहत राहिला. इतकी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती. अपमान झाला की मान खाली घालून घरी यायचं, ही सवय इतकी मुरली होती, की आपल्याजवळ दाखवण्यासारखं काही आहे हेच तो विसरला होता.

दुसऱ्या दिवशी बक्षीस समारंभ होता. देवीदासनं ओळखीच्या माणसाची मालाची गाडी घेतली. त्यात बर्नर, ब्लोअर, लहान सिलिंडर, वळवायचा पत्रा आणि काचेच्या सहा कोऱ्या नळ्या. पुष्पाही चढून बसली. तिला नको म्हणायची कोणाची हिंमत नव्हती.

शाळेच्या फाटकावर चपराशी आडवा आला. देवीदासनं नुसतं सांगितलं, "मी दीपाली सोमकुवरचा बाप. परीक्षक सायबाले काम दाखवाले आलो." तोवर अश्विनी मॅडम धावत आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या जबाबदारीवर आत सोडा." मैदानाच्या कडेला एक कडुलिंब होता. त्याखाली मॅडमनी ऑफिसातून वायर ओढून दिली. पत्रा मांडला, ब्लोअर लागला आणि बर्नर फुरफुरत निळा पेटला.

आवाजानं आधी पोरं बाहेर आली, मग शिक्षक, मग हार-शालींची ताटं घेतलेले लोक. शेवटी यशवंतराव आले.

"हा काय तमाशा आहे?"

देवीदास उभा राहिला. हात जोडले, ते जुन्या सवयीनं जुळलेच. पण आवाज खाली आला नाही.

"तमाशा नाई, सर. काल तुमी लिवलं, मॉडल बाजारातून घेतलं. मी बाजार इथंच घेऊन आलो. सांगा, कोणतं अक्षर वळवू?"

यशवंतरावांनी मान दुसरीकडं वळवली. गर्दी वाढत होती. शेवटी मागून अनिल सर म्हणाले, "य वळवा. सरांच्या नावाचा य."

देवीदासनं खडूनं पत्र्यावर उलटा 'य' काढला. नळीच्या एका टोकाला बूच, दुसऱ्या टोकाला रबरी फुंकनळी, तिचं तोंड ओठात. काच ज्योतीवर धरून तो ती बोटांत फिरवू लागला. ती आधी पिवळी झाली, मग मऊ, मग कणकेसारखी झुकू लागली. त्यानं ती उचलली, पत्र्यावरच्या रेघेवर निजवली आणि नेमक्या क्षणी हळूच फुंकर मारली, म्हणजे वळणावर नळी चपटी होणार नाही. एक वळण, मग थांबायचं. दुसरं वळण. मैदानात दीडशे माणसं होती, पण ब्लोअरशिवाय कसलाही आवाज नव्हता. पंचवीस मिनिटांनी त्यानं काच ज्योतीपासून दूर केली. तो 'य' होता. काना सरळ, पोट गोल, कुठं गाठ नाही, कुठं सुरकुती नाही.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. देवीदासनं तो 'य' निवू दिला आणि यशवंतरावांपुढं धरला. त्यांनी हात पुढं केला नाही, तेव्हा पुष्पानं तो आपल्या हातात घेतला.

"ठीक आहे," यशवंतराव म्हणाले. "तुम्हाला वळवता येते. मान्य. पण जे तथ्य पोरीनं सांगितलं ते तर चूकच आहे ना?"

आता दीपाली पुढं आली. रात्रभर रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाज स्वच्छ होता. "सर, माह्या शब्दावर इश्वास ठेवाची गरज नाई. हॉलमधी या. वर जुनी ट्यूबलाइट लागली हाये. ट्यूबलाइटच्या आत पारा असतो, हे तर गाईडमधी बी असन. खोक्यातून आंधी ट्यूबलाइट पाहा, मंग माही निळी नळी पाहा."

नाही म्हणायची सोय उरली नव्हती. सगळे हॉलमध्ये गेले. मॅडमनी पेटी आणली, नळ्या पुन्हा लागल्या. यशवंतरावांनी खोका डोळ्याला लावला आणि ट्यूबलाइटकडं पाहिलं. हिरवी रेषा, जांभळी रेषा. मग निळ्या नळीकडं पाहिलं. त्याच जागी तीच हिरवी, तीच जांभळी. मग दीपालीनं नुसत्या आरगॉनची फिक्की नळी दाखवली. हिरवी रेषा गायब. त्यांनी पुन्हा ट्यूबलाइटकडं पाहिलं. पुन्हा नळीकडं. ते बराच वेळ पाहत राहिले, आणि तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा एखाद्या विद्यार्थ्यासारखा झाला होता, हे देवीदासलाही नाकारता आलं नाही.

त्यांनी खोका खाली ठेवला. खिशातून पेन काढलं आणि कागदावरचं 'तथ्य अशुद्ध' खोडलं.

"अन् दुसरं?" देवीदासनं विचारलं.

"दुसरं राहू द्या. तुम्हाला वळवता येते म्हणजे ह्याच नळ्या तुम्हीच वळवल्या, हे सिद्ध होत नाही. गॅस भरताना कोणी पाहिलं?"

हॉलमध्ये कुजबुज झाली. देवीदास एक पाऊल पुढं आला. काच वळवली, रेषा दाखवल्या, सगळ्या जगापुढं हात पोळून दाखवले, आणि हा माणूस आणखी पुरावा मागत होता! हे संपणारच नव्हतं. उद्या नागपूरचा मालक आणून उभा केला असता, तर त्याचा पुरावा मागितला असता.

"बस," देवीदास म्हणाला. हात आता जोडलेले नव्हते. "पुरावा द्याची पाळी माही संपली, सर. आता तुमी द्या. मी बाजारातून घेतलं म्हणता ना? कोणत्या बाजारातून? दुकानाचं नाव सांगा."

यशवंतरावांनी कागद अनिल सरांकडं सरकवला.

"सर," अश्विनी मॅडम म्हणाल्या. त्या टेबलाजवळ आल्या. "शेऱ्यात दुकानाचं नाव लिहा. नाव असलं तर आम्ही गप्प बसतो. नसलं तर शेरा खोडा. मी इथं लिहून देते की ह्या नळ्या दीपालीच्या वडिलांनीच बनवल्या आहेत, आणि खाली माझी सही करते. माझी नेमणूक पुढच्या वर्षी राहो न राहो."

अनिल सरांनी कागद पुन्हा यशवंतरावांपुढं सरकवला.  मग यशवंतरावांनी 'बाज़ार से ख़रीदा हुआ तैयार मॉडल' यावर एक रेघ ओढली. 'अपात्र' यावर दुसरी. सही केली, तारीख टाकली. "निकाल मात्र काल संध्याकाळीच वर गेला आहे," ते म्हणाले. "आता बदलता येणार नाही."

"बक्षीस आमाले नोकोच," देवीदास छाती काढून म्हणाला. "कागद साफ झाला, तेवढं पुष्कळ."

बाहेर समारंभ सुरू झाला. पहिलं बक्षीस तयार डब्यातून आलेल्या एका सिंचनाच्या यंत्राला मिळालं. डब्यावरची कंपनीची पट्टी अजून निघाली नव्हती. सोमकुवर कुटुंब तोवर गाडीत सामान भरत होतं. देवीदासला कित्येक वर्षांनी हलकं वाटत होतं. तो शीळ घालत होता. गाडी जाम नदीचा पूल ओलांडून सावरगावात आली तरी दीपाली बाहेरच पाहत होती.

"काय झालं वो, बाई? जिंकलो ना आपण?"

"तुमी जिंकले," दीपाली म्हणाली.

"म्हणजे?"

"बक्षीस नोको, असं तुमी कायले म्हणले? मले इचारलं काय?" ती बापाकडं वळली. "मले पाहिजे होतं. पयला नाई तर दुसरा, जो असन तो. मले पुढं जायाचं होतं. तुमचं नाव साफ झालं, बाबा. माहा नंबर गेला तो गेलाच. अन् तुमी सगळ्याईपुढं म्हणून टाकलं का आमाले नोकोच."

देवीदासची शीळ थांबली. पुष्पानं या वेळी पोरीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तेच जास्त झोंबलं. पोरीचं म्हणणं खरं होतं. मोठ्या मनाचं बोलणं तो बोलून गेला, पण जे सोडलं ते त्याचं नव्हतंच.

"गाडी थांबव," तो ड्रायव्हरला म्हणाला. मग थोडं थांबून, "नाई, आता शिक्षणाची कचेरी बंद झाली असन. सोमवारी येऊ."

सोमवारी त्यानं कामाला दांडी मारली आणि दोघं पांढुर्ण्याच्या जिल्हा शिक्षण कचेरीत गेले. अर्ज दीपालीनं स्वतः लिहिला, हिंदीत, दोन पानं. खोडलेल्या शेऱ्याच्या कागदाची झेरॉक्स जोडली. लिहिलं, की माझ्या मॉडेलचं मूल्यमापन झालेलंच नाही. अपात्र ठरवल्यामुळे गुण दिलेच गेले नाहीत. आता अपात्रता रद्द झाली आहे, तर गुण द्या. बाबूनं अर्ज वाचला आणि परत ढकलला. "बेटा, साल भर में फिर हो जाएगा. पढ़ाई करो."

"आवकचा ठप्पा द्या," दीपाली म्हणाली.

"ठप्प्यानं काय होते?" बाबू म्हणाला.

"काही होवो न होवो. ठप्पा द्या."

देवीदास मागं उभा होता.  या वेळी गप्प राहणं बरोबर होतं. ठप्पा पडला. पुढच्या आठवड्यात दोघं पुन्हा गेले, त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या खेपेला त्याच बाबूनं त्यांना पाहून नुसताच उसासा टाकला आणि फाईल वर पाठवली.

महिन्याभरानं शाळेत पत्र आलं. अश्विनी मॅडमनी ते दीपालीच्या हाती दिलं आणि दीपालीनं घरी येऊन वाचून दाखवलं. संभागाच्या, म्हणजे विभागाच्या प्रदर्शनाला, जबलपूरला, तिचं मॉडेल वाढीव प्रवेश म्हणून पाठवायला मंजुरी मिळाली होती. देवीदास उठूनच उभा राहिला. पण दीपालीचा चेहरा तापलेला होता.

"पुढं आयका, बाबा. 'छात्रा की पारिवारिक स्थिति को देखते हुए, सहानुभूतिपूर्वक विचार कर.' सहानुभूती! चूक त्याईनं केली, अन् दया माह्यावर दाखवून राहिले! कुठंच लिवलं नाई का परीक्षकाचं चुकलं होतं."

"मंग? जायाचं नाई?"

"जायाचं तर हायेच. पण आंधी ह्याले उत्तर लिवतो मी. मले सहानुभूती नोको, मले गुण पाहिजे होते. हे मी लिवीन, अन् त्याच्यावर बी ठप्पा घेईन."

"लिव," देवीदास म्हणाला. "सही मी बी करतो."

पुष्पा कोपऱ्यातून संत्र्याची पेटी ओढून आणत होती. "लिवा, लिवा दोघं बी," ती म्हणाली. "पण जबलपूरची गाडी पहाटेची हाये. पयले त्या नळ्या नीट बांधून घ्या. एक जरी फुटली ना, तर मंग सहानुभूती कशी असते ते मी दाखवीन."